हाकेची चाल

प्रिय कामिनी,

त्या गाण्याला खर्च किती आला, असं कुणी मुलाखतीत विचारलं की मी सांगतो: दोन दिवस स्टुडिओ, एक उसना कीबोर्ड आणि चार जणांची शेवभाजी. लोक हसतात. खरा आकडा मी कुठे बोललो नाही. आठ आखाज्या. आठ वर्षं अक्षय्यतृतीया आली की गल्लीतल्या बठ्ठ्या म्हणजे बठ्ठ्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि आपल्या दारच्या निंबाला दोर नसतो.

यावलकडे यंदा ऊन फार, पण तुमची केळी वाचली म्हणे. मेहुण्यांनीच सांगितलं. नवलराव मला फोन करतात, हे तुला माहीत नसेल तर आता झालं. त्यांच्यावर रागावू नकोस.

माझं ठीक आहे. धुळ्याचा स्टुडिओ दुमजली झाला, दीडशेच्या वर गाणी झाली. नवी पोरं विचारतात, भाऊ, चाल सुचते कुठून? मी म्हणतो, कान उघडे ठेवा. साक्रीच्या कंडक्टरची आरोळी, भंगारवाल्याची हाळी, सगळ्यात चाल असते. माझं 'कामिनी' वाजल्याशिवाय खानदेशात हळद लागत नाही, हेही ऐकवतो. ती चाल कुणाची, तेवढं सांगत नाही. पिंपळनेरला दिवेलागणीला आई ओट्यावर उभी राहून तुला हाक मारायची, 'कामिनी वं, घर ये.' 'वं'वर सूर चढायचा आणि 'ये'वर हळूच खाली बसायचा. माझ्या वाट्याला 'कौतिक्या, कोठे मरना रे', एवढंच. त्यात चाल नव्हती.

शब्द ठरेपर्यंत मी तुझंच नाव घालून गुणगुणत होतो. मग मेघा घालून पाहिलं, तोकडं पडलं. मोहिनी मात्र मात्रेला तंतोतंत बसलं. पण स्टुडिओतले सगळे म्हणाले, कामिनीतच मजा आहे. मी हौसेने तुला ऐकायला पाठवलं. तू फोनवर म्हणालीस, "भाऊ, ती हाक मनी शे, तुनी नही. नाव बदल." मी म्हणालो, अगं, गाणं कंपनीकडे गेलंसुद्धा, आता माझ्या हातात काही नाही.

पुढे काय झालं ते तू कधी बोलली नाहीस. नवलरावांकडून कळलं. तू बसमध्ये चढलीस की मागच्या बाकावरून चाल सुरू. तुझ्या सातवीच्या वर्गात फळ्यावर 'घर ये' लिहिलेलं. एवढी मुलांची लाडकी बाई तू, बदली मागून सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत गेलीस. आणि आई, जी फोनवरही तुला तशीच हाक मारायची, ती आता नुसतं 'कशी शे' विचारते आणि फोन माझ्या हातात देते. तिचंही काहीतरी मी विकून बसलो, हे मला फार उशिरा ऐकू आलं.

माझ्या भाविकाची हळद आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आहे, पिंपळनेरलाच. आत्याशिवाय ती पाटावर बसणार नाही म्हणते. पण बोलावण्याआधी एक सांगायला हवं, म्हणून फोन न करता लिहितोय. तुझा फोन मंगळवारी आला होता. गाणं शुक्रवारी गेलं. ते तीन दिवस माझ्या हातात होते, आणि मोहिनी घालून गायलेलं रेकॉर्डिंगही तयार होतं. मी खोटं बोललो, कामिनी. हे कळल्यावर आलीस तर ये. नाही आलीस तर भाविकाला कारण मी सांगेन, तुझ्यावर ढकलणार नाही.

हळदीत ते गाणं वाजू नये म्हणून काल डीजेवाल्या फारुखकडे स्वतः गेलो. अर्धा तास बजावलं, लोक कितीही मागे लागले तरी लावायचं नाही. तो म्हणाला, "कौतिकभाऊ, ते आता कोन मागतं? तीन वर्षं झाली, मी पेनड्राइव्हमधून काढून टाकलं."

तुझाच भाऊ,
कौतिक