उलट्या आट्यांचा नट

तीर्थरूप दादास, धाकटीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

पार्सल पोचले. पितळी कांब एक, मशीनच्या तेलाचा डबा एक (बूच सैल, त्यामुळे तेल डब्यात कमी आणि तुझ्या पत्रावर जास्त), जादा वजनाचे भरले चौदा रुपये. मागत नाही, नुसते कळवते. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी आईचा खलबत्ता परत मागितल्याचे वाचले. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, हे आईनेच घालून दिलेले. मोडायची माझी छाती नाही. त्याचे खाली लिहिते.

आधी लेथचे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी कारखान्यातले भंगारात निघालेले धातू कातायचे लेथ घरी आणले, हे तुला ठाऊक आहेच (माझी धान्याची खोली गेली ती तेव्हाच). त्यात हत्यार पुढेमागे सरकवणारा एक लांब स्क्रू असतो. तो ज्या पितळी नटातून फिरतो, त्याचे आटे इतके झिजले होते की मूठ अर्धा वेढा फिरली तरी हत्यार ढिम्म. आता नवा नट करायला लेथ हवे आणि लेथ चालायला नट हवा! हे स्टुलावर बसून राहिले, घरात कोणी गेल्यासारखे. शेवटी जुनाच नट पुन्हा आत घातला, हत्यार धरणाऱ्या ठोकळ्याला माझी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि ढिलाई निघावी म्हणून ती ताणून धरायला मला उभे केले. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात जपाची माळ.

"सोडू नकोस!"

"नाही सोडत. पण देवाचं नाव घेताना ओरडू नका."

नट झाला, अगदी सोन्यासारखा. देवापुढे ठेवून हे बसवायला गेले, तर स्क्रू आत शिरेना. जन्मभर टर्नर म्हणून पगार घेतलेल्या माणसाला तेव्हा आठवले, की हा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, आणि नट कातला होता सुलट आट्यांचा. तुझी कांब अशी खर्ची पडली. (ह्यांचे म्हणणे, मी मध्येच बोलले म्हणून.)

मग देवाच्या दयेने घरातच पितळ निघाले. पुन्हा दोरी, पुन्हा माळ, ह्या खेपेस आटे उलटे. आता मूठ केसभर फिरवली की हत्यार केसभर सरकते. दादा, निवृत्त झाल्यापासून हे पहिल्यांदा जेवताना गुणगुणले. भाजीत मीठ नव्हते, तेही कळले नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. खल घासूनपुसून पाठवते आहे. बत्ता लेथमध्ये आहे, म्हणजे नट झाला तो बत्त्याचाच. ह्यांनी मागितला नव्हता, मीच काढून दिला. परत काढला तर हे पुन्हा स्टुलावर.

ता. क. दुसरा. हे म्हणतात, नवा बत्ता हां हां म्हणता कातून देतो, फक्त पितळ हवे. बाबांच्या दुकानातले दोन किलोचे पितळी वजन वहिनी दाराला अडकण म्हणून लावतात ना? बत्ता जरा बुटका होईल, पण घरचाच राहील. खल रिकामा दिसू नये म्हणून त्यात एक वीट घातली आहे, ती दाराला लाव. वहिनींना काय सांगायचे ते तूच ठरव, आणि काय सांगितलेस ते उलटटपाली कळव, म्हणजे मीही तेच सांगेन.