ओट्यावरील दुसरे टेबल हलविण्याबाबत

दिनांक : १६ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. पंचायत विकास अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, वडमाळ,
ता. जि. बेळगाव.

अर्जदार : कु. साईराज भरमा तरळे, वय १६, पी.यू.सी. प्रथम वर्ष (अकरावी कॉमर्स), रा. चावडी गल्ली, वडमाळ.

विषय : पंचायतीच्या ओट्यावर दर शनिवारी मांडले जाणारे दुसरे टेबल अन्यत्र हलविण्याबाबत.

संदर्भ : हीच गोष्ट अर्जदाराने आपणास दोन वेळा तोंडी सांगितली होती. दोन्ही वेळा आपण फोनवर होता.

महोदय,

१) अर्जदार गेली दोन वर्षे दर शनिवारी दुपारी दोन ते पाच आपल्या ओट्यावर टेबल मांडून लोकांचे अर्ज विनामोबदला भरून देतो. गावातील जुनी माणसे मराठी शाळेत शिकलेली किंवा शाळेतच न गेलेली, आणि फॉर्म सगळे कन्नडमध्ये, त्यामुळे ही सेवा गरजेची आहे. टेबल अर्जदाराच्या घरचे आहे. चपला खाली काढाव्यात, बायकांची रांग वेगळी असावी व मोबाईल बंद ठेवावा, असे नियम अर्जदाराने घातले असून त्याबद्दल आजवर कोणी हूं की चूं केलेले नाही.

२) गणपतीनंतर बेळगाव शहरातल्या खासबागेतून एक मुलगी आपल्या मामाकडे राहावयास आली. यापुढे तिचा उल्लेख 'सदर मुलगी' असा केला आहे. तिने आल्या आल्या अर्जदारापासून चार हातांवर आपले टेबल मांडले. टेबल कसले, शाळेचा मोडका बाक. सदर मुलगी जीन्स घालते, अर्ज भरता भरता भाजलेल्या शेंगा खाते आणि रांगेतल्या लोकांनाही देते. तिची शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे तिचा फॉर्म दहा मिनिटांत होतो. अर्जदारास चाळीस मिनिटे लागतात, कारण तो आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवतो. अर्जदाराच्या अक्षराचे सगळे कौतुक करतात आणि तिच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

३) श्रीमती मालुबाई यांचा पेन्शनचा अर्ज अर्जदाराकडे होता. त्यात पतीचे नाव लागते. मालुबाई जुन्या वळणाच्या, पतीचे नाव घेत नाहीत. "ठावं हाय रं लेकरा, पन घेववत न्हाय," असे त्या म्हणाल्या, आणि अर्जदारास ते फार आवडले, कारण अशी रीत पाळणारी माणसे आता राहिली नाहीत. नाव अर्जदारासही ठाऊक होते, आधार कार्डावर छापलेलेही होते. परंतु माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय काही लिहायचे नाही, हाही अर्जदाराचा नियम आहे. सबब मुलाला घेऊन या, असे सांगून त्यांना तीन शनिवार परत पाठविले. मुलगा मच्छे गावच्या कारखान्यात कामाला, त्याला रजा मिळेना.

चौथ्या शनिवारी मालुबाई शेजारच्या बाकावर बसल्या. सदर मुलीने आधार कार्ड पालथे ठेवले आणि म्हणाली, "आज्जी, लग्नात घेतलं असशील की. तसंच घे." मालुबाईंनी पदर तोंडाला लावला, इकडे तिकडे पाहिले, आणि भर ओट्यावर म्हणाल्या :

"वेशीवरच्या देवळात शनिवारी दाटी,
मारुतीरावांचं नाव घेते पेन्शनच्या अर्जासाठी."

सगळा ओटा टाळ्या वाजवू लागला. आपणही खिडकीतून वाजविल्या, हे अर्जदाराने पाहिले आहे. उखाणा ही लग्नकार्यात घ्यावयाची गोष्ट आहे, सरकारी कामात नव्हे. त्या दिवसापासून मालुबाई परसातला पेरू आणतात तो शेजारच्या बाकावर ठेवतात. आधी तो अर्जदारास मिळत असे.

४) साहेब, अर्जदार खोटे लिहिणार नाही. त्याच्या पोटात दुखते. सेवा करताना फळाची आशा धरू नये हे त्यास पाठ आहे, तरी तो पेरू दिसला की गिरवताना शाई ओळीबाहेर जाते. गेल्या शनिवारी अर्जदाराकडे फक्त गल्लीतले मष्णूमामा आले, तेही पेन मागायला. पेन घेऊन कुठे गेले हे लिहिण्याची गरज नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्जदाराच्या मातोश्रींनी घरात पोरगा असताना रेशन कार्डाचा फॉर्म तिकडे भरला. जाब विचारता म्हणाल्या, "तू लई वरडतोस रं. ती पोरगी बसवून घेती."

५) तरी नम्र विनंती की दुसरे टेबल पाण्याच्या टाकीपलीकडे हलवावे. ते जमत नसल्यास ओट्यावर शेंगा खाण्यास बंदी घालावी. तेही जमत नसल्यास घरनंबरप्रमाणे माणसे वाटून द्यावीत, व चावडी गल्ली आणि मालुबाई अर्जदाराकडे ठेवाव्यात. पेरू कोणाला द्यायचा ते मालुबाईंनी ठरवावे, पण एकदा विचार करून ठरवावे.

६) अर्ज येथवर लिहून आज कार्यालयात दिला असता क्लार्क नागेंद्र सरांनी कन्नड प्रत लागेल असे सांगितले. दोन पानांना अर्जदारास सोमवार उजाडला असता. तेव्हा नागेंद्र सरांनी अर्जदाराच्या हातातून कागद घेऊन सरळ शेजारच्या बाकावर नेऊन दिला. सदर मुलीने शेंगा बाजूला ठेवून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. चौथ्या कलमाला ती हसेल असे अर्जदारास वाटले होते. ती हसली नाही. तिने तो कन्नडमध्ये उतरवून काढला आणि म्हणाली, "तक्रार कुणावर हाय त्येचं नाव लागतंय. तू सांगितल्याबिगर मी लिवायची न्हाय."

अर्जदार आपल्या टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"ठावं हाय न्हवं?"

अर्जदाराने मान हलविली.

"मग घे की. उखाण्यात घेतलंस तरी चालंल."

मालुबाई तेथेच बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि पाणी द्यायला अर्जदारासच उठावे लागले. त्याचे कान अजून गरम आहेत.

सबब कन्नड प्रतीत नावाचा रकाना रिकामा आहे. कार्यालयाने तो अन्य मार्गाने भरून घ्यावा. नाव अर्जदारास ठाऊक आहे, पण घेववत नाही.

आपला नम्र, व अद्याप ओट्यावरच बसलेला,
साईराज भरमा तरळे

सोबत : अर्जाची कन्नड प्रत, पाने दोन. हस्ताक्षर सदर मुलीचे. अर्जदाराने दोनदा तपासली, एकही चूक सापडली नाही.