राहून गेलेले आभार

दि. १४ जुलै

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. नवं सत्र सुरू झालंय, तेव्हा आपण कामात बुडालेल्या असाल. ओळख पटावी म्हणून सांगते: एप्रिलमध्ये अध्यापक प्रशिक्षण वर्गाच्या प्रवेशासाठी मुलाखती झाल्या, त्यात स्वतःचं नाव सांगायलाच जिची दमछाक झाली, ती मी. कागदावर मात्र मी सुसाट असते, म्हणून पत्र लांबलं तर कंटाळू नका.

खरं तर हे त्याच संध्याकाळी लिहायचं होतं.

तुमच्या शेजारच्या सरांनी विचारलं होतं, "वर्गात मुलं हसली तर काय कराल?" मी "म... म..." करत राहिले. सर बिचारे मदतीला धावले. "मनावर घेणार नाही? मुख्याध्यापकांना सांगाल?" तुम्ही त्यांच्यापुढे हात आडवा धरलात. "थांबा सर, त्यांना बोलू द्या." आणि खरंच थांबलात, माझ्याकडे बघत. "मग हसू देईन. त्यांचं हसून झालं की पुढे शिकवीन." ते वाक्य माझं मी पूर्ण केलं. बाहेरच्या कुणासमोर हे पहिल्यांदाच घडत होतं.

आमच्या बाबांना सगळ्याचीच घाई. ते बस चालवतात. माझं वाक्यही वेळेत स्टॉपवर पोचवायचं असल्यासारखे शेवटचा शब्द तेच म्हणून टाकतात. आई एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसते. दिवसभर लोकांची घाई ऐकून येते, पण घरी माझ्या एकेका शब्दासाठी भाजी चिरायची थांबते. मुलाखतीचं तिनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाली, "आजच्या आज त्या बाईंना आभाराचं पत्र टाक. इतकं थांबतं कोण गं हल्ली?"

मी म्हटलं, उद्या लिहिते.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. आधी साधाच वाटला. मग खोकला, मग धाप, मग हॉस्पिटल. छातीत संसर्ग पसरलाय, डॉक्टर म्हणाले.

एका दुपारी तिनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "पा..." एवढंच आलं. नर्स म्हणाली, "पाणी हवंय?" बाबा म्हणाले, "पाय दुखतायत? चेपू का?" आई नुसती मान हलवत होती, नाही, नाही. मला तिची तगमग ओळखीची होती, मॅडम. मी हात आडवा धरला. "बाबा, थांबा. तिला बोलू द्या."

बराच वेळ लागला.

"पास झालीस?"

यादी अजून लागायची होती. मी म्हटलं, "हो." न अडखळता. तिनं डोळे मिटले आणि माझा हात दाबला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

वर "बसते" लिहून गेलेय. खोडवत नाही.

तुम्ही त्या दिवशी थांबला नसतात तर मलाही सुचलं नसतं. आम्ही तिच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं असतं आणि ती तो प्रश्न तसाच घेऊन गेली असती. आभार मानायचे ते याचे.

यादी पुढच्या आठवड्यात लागली. माझं नाव नव्हतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. कृपा करून हे पत्र त्यासाठी आहे असं समजू नका.

पण बाबांनी तो "हो" ऐकला होता. भेटायला येईल त्याला ते सांगायचे, "लेकीचा प्रवेश झाल्याचं ऐकून गेली हो, समाधानानं गेली." डेपोतली माणसं डोळे पुसता पुसता माझं अभिनंदन करायची. बाबांनी माझ्यासाठी नवी बॅगही आणली. माझं तोंड उघडेना.

काल सांगितलं. शब्द फार अडले. बाबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तिला खरं वाटलं ना?"

"हो."

"मग झालं."

आणि मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला. कितीतरी वेळ आतून नुसता पाण्याचाच आवाज येत होता.

उशीर झाला, तेवढा पोटात घाला.

आपली,
यादीत नसलेली विद्यार्थिनी