झेरॉक्स मशीनचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम अंगावर घेतलंय, नोंद हवी. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनचा आवाज बंद करायचा. कपाटाएवढं धूड, तेही नेमकं माझ्या टेबलाला खेटून. सुरू झालं की चहाचा कप बशीत नाचतो. लेखापाल बाईंना फोनवर ऐकू येत नाही. साहेबांचं डोकं उठतं.
उपप्रमुखाची केबिन रिकामी आहे. साहेब परवा म्हणाले, ऑफिसात जरा शांतता आणेल असा माणूस तिथे हवा. म्हणताना माझ्याकडेच बघत होते. निदान माझ्या बाजूला.

४ मार्च
मशीनच्या पायांखाली जुन्या चपलांचे तळ कापून घातले. आवाज निम्म्यावर आला. लेखापाल बाई म्हणतात, वाढला. जळतात. एका पायाला तुकडा कमी पडला, म्हणून सगळ्या कॉपी तिरक्या येताहेत. होईल लोकांना सवय.

५ मार्च
झाली नाही. साहेबांनी तिरकं पत्र माझ्यासमोर तिरकं धरून वाचलं. चपला काढल्या.
जेवणानंतर नेहमीप्रमाणे खुर्चीत डोळे मिटून विचार केला. माझं खरं काम तेव्हाच होतं. गंमत म्हणजे तेवढा वेळ मशीनचा मला अजिबात त्रास होत नाही. एकाग्रता म्हणतात ती हीच.

५ मार्च, संध्याकाळी
आयडिया सुचली. मशीनला प्लायवुडचा खोका, आतून गादीचं अस्तर. बायकोची गादी घरात नुसतीच पडून आहे. वर्षभर ती मुलीच्या खोलीत, तिच्या पलंगावर झोपते. आमच्या खोलीतला पंखा खडखडतो म्हणे. मला तर कधी ऐकू येत नाही. तिने विचारलं, गादी कापली आणि मला परत यावंसं वाटलं तर? मी म्हटलं, आधी पंखा तर दुरुस्त होऊ दे. ती काहीतरी बोलणार होती, पण राहिलं.

८ मार्च, रविवार
गादी कापली. चांगली आहे, निळ्या फुलांची. सुतार म्हणाला, मागे हवेला भोकं ठेवू या. मी साफ नाही म्हटलं. आवाज तिथूनच तर बाहेर पडणार.

९ मार्च
खोका बसवला. काय शांतता! मग मशीन तापलं आणि बंदच पडलं. म्हणजे आवाज शंभर टक्के गेला. साहेबांनी हे यश धरलं नाही.

१० मार्च
सुताराने भोकं पाडली. मशीन चालू, आणि नुसती कुजबुज. लेखापाल बाईंनी स्वतःहून चहा पाजला. साहेब जाता जाता खोक्यावर टिचकी मारून गेले. केबिनमध्ये टेबल खिडकीकडे तोंड करून लावायचं, हे नक्की.

१२ मार्च
नवीन कटकट. म्हणे दुपारी मशीन गुरगुरतं. आधी घरघर, मध्येच शिट्टी, मग अजिबात काही नाही. तेव्हा म्हणे सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. आणि मग एकदम धडाका. आधी मशीनच्याच गोंगाटात हे कळत नव्हतं, आता स्पष्ट ऐकू येतं म्हणे. मी मशीनच्या मांडीला मांडी लावून बसतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१३ मार्च
मेकॅनिक बोलावला. सकाळी त्याला काहीच सापडलं नाही. मीच म्हटलं, दुपारपर्यंत थांब, होऊन जाऊ दे. जेवलो. डोळे मिटून विचार केला. उघडले तर सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. मेकॅनिकच्या हातात मशीनचा प्लग. मला वाटलं, केबिनचा निर्णय झाला, अभिनंदन करायला आलेत. उठून आभार मानले. श्रेय सगळ्यांचं आहे वगैरे बोललो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
साहेब हळू आवाजात म्हणाले, "अहो, मशीन मघापासून बंद आहे."
म्हणजे दुरुस्त झालं ना, असं मी विचारलं. लेखापाल बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

१३ मार्च, घरी
बायकोला विचारलं, पंखा खरंच खडखडतो का?
"पंख्याला काही झालेलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही इतके दिवस."
वाईट वाटलं. फारच वाटलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा आवाज भिंतीपलीकडूनही येतो. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरांकडे जातो, औषध घेतो, काय म्हणतील ते करतो, पण तू परत ये.
"येईन की," ती म्हणाली. "पण झोपू कशावर?"

१६ मार्च
केबिन लेखापाल बाईंना मिळाली. मलाही स्वतंत्र खोली मिळाली. स्टेशनरीची. खिडकी नाही. मशीनचा खोका साहेबांनी काढायला लावला. मशीनचा आवाज आता कोणाला खुपत नाही म्हणे. गादी वाया जाऊ नये म्हणून माझ्या दाराला ठोकली आहे, आतून. दार लावलं की समोर निळी फुलं.
जेवणानंतर डोळे मिटले. विचार काही सुचला नाही. झोपही आली नाही.