न ओरडणारी अक्षरं

३ जून

बँकेत नवा स्क्रीन लागलाय. शेजारीण वैतागली — "माणसं उरलीच नाहीत, नुसते डबे!" मी मान हलवली. मनातून मात्र त्या डब्याला आशीर्वाद दिला. लाल आकडा आला, उठले, काम झालं. कुणाला "काय म्हणालात?" विचारावं लागलं नाही.

पोस्टात, औषधांच्या दुकानात, बसथांब्यावर — जिथे स्क्रीन आहे तिथे मी अजून धडधाकट बाई आहे!

५ जून

ह्यांना विचारलं, "चहा घेणार?" ऐकू आलं — "दहा वाजले." 'घेणार' असंच म्हणाले असतील, कान माझेच! केला. निमूट प्यायले.

जन्मभर "अहो, ऐकलंत का?" म्हणून हाक मारत आले. आता तेच त्यांनी मला विचारायचं.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरच्या खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. त्या व्हरांड्याच्या पार पलीकडच्या टोकाला असतानाच मला कळायचं. माझ्या भरवशावर अख्खा वर्ग दंगा करायचा. मी "आल्या!" म्हटलं की चिडीचूप. काय कान होते!

६ जून

लेक फोनवर — "आई, तू हल्ली नुसतं हो-हो करतेस. लक्ष कुठे असतं तुझं?" मी हो म्हणाले.

११ जून

बसथांब्यावरचा स्क्रीन बंद. काळा ठिक्कर. मी आपली उभी. माणसं एकेक करून निघून गेली, मला वाटलं कंटाळली. शेवटी झाडूवाल्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला. "आजी, केव्हाचे ओरडून सांगतायत, बस पलीकडून सुटणार! येत नाही का ऐकायला?" मायेनेच म्हणाल्या. तरी डोळे भरले.

आईचे कान गेले तेव्हा घरातले सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. पुढे कामापुरतंच. पुढे तेही नाही. ती माणसांत बसून एकटी असायची.

हे हल्ली गप्पगप्पच असतात. माझ्याशी बोलून कंटाळले असणार — तेच तेच किती वेळा सांगायचं माणसाने? एवढं एक नको व्हायला. बाकी काही गेलं तरी चालेल, ह्यांचं बोलणं राहू दे.

कानाच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं. आत्ताच कुणाला सांगायचं नाही.

१६ जून

हे "बँकेत जाऊन येतो" म्हणून सकाळीच बाहेर पडले. बरंच झालं! मी "भाजी आणते" अशी चिठ्ठी ठेवली आणि दवाखाना गाठला.

तिथल्या स्क्रीनवर नुसतं आडनाव येतं. आमचं आलं. मी उठले. खांबापलीकडून आणखी कुणीतरी उठलं.

हे!

काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून काहीतरी विचारत होती. ओठ तेवढे हलताना दिसले.

"काय म्हणतेय गं ती?" ह्यांनी विचारलं. केवढ्यांदा!

"मलाही नाही हो ऐकू आलं."

"आँ?"