सव्वापट

बाबा,

मोहाडीची मिल आपल्याकडेच राहिली. हे आधी सांगते, कारण कुठलीही गोष्ट ऐकताना तुम्हाला शेवट आधी कळलेला आवडायचा.

उकड्या तांदळाच्या नव्या यंत्रासाठी मी कर्ज घेतलं, त्याच्या करारात एक अट होती. दर मार्चअखेर माल, रोकड आणि येणी मिळून होणारी रक्कम वर्षभरात फेडायच्या देण्यांच्या निदान सव्वापट हवी. नसेल तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते, आणि तारण मिलच आहे. मागच्या वर्षी आपण कमी पडलो. बँकेनं तेव्हा सोडलं, पण पुन्हा सोडणार नाही असं लेखी कळवलं. यंदा फेब्रुवारीत मी हिशेब मांडला, तर शंभराच्या देण्यांसमोर आपल्याकडे एकशे पंधराच होते.

दिवाणजी म्हणाले, "कायले घाबरता ताई? शेजारच्या मिलमधून धान उधार आनू, गोदाम छतापर्यंत भरू. बँकवाला येते, पाहते, चहा पेते अन् जाते." तुमच्या वेळेपासून आपल्या भागातले सगळे मिलवाले हेच करत आले. पण उधारीनं माल आणला की देणंही तेवढंच वाढतं, आणि सव्वापट आणखी दूर जाते. मला उलटं दिसत होतं. चाळीसाचा माल विकून चाळीसाचं देणं फेडलं, तर देणं उरतं साठ आणि हातात पंच्याहत्तर. बरोबर सव्वापट. भरायचं नव्हतंच, रिकामं करायचं होतं.

आणि तिथंच एका जुन्या आठवणीतून तुम्ही आडवे आलात. मी नागपूरहून दिवाळीच्या सुटीत आले आहे, तुम्ही वजनकाट्यापाशी उभे आहात. भाव चढेल म्हणून तांदूळ धरून ठेवण्यापेक्षा विकून देणी फेडावी, असं मी म्हणते. तुम्ही हमालांकडे बघून हसता. "दोन बुकं शिकली अन् बापाले धंदा शिकवून राहिली! गोदाम खाली दिसलं का लोक म्हनतात, मिल मेली. जा, आईले चहा मांडाले सांग." हमालही हसतात. मी चहा सांगायला जाते. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी धंद्याविषयी तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही.

मार्चमध्ये मी जुना तांदूळ विकायला काढला. दिवाळीपर्यंत थांबले असते तर भाव जास्त मिळाला असता, हे मलाही कळत होतं. ट्रक भरताना दिवाणजी फाटकाशी पाठ करून बसले. आई म्हणाली, "तुहे बाबा असते तं ट्रकासमोर आडवे झाले असते." बाजारात एका भाजीवालीनं सरळ विचारलं, "मिल विकून राहिल्या का बाई?" मी नाही म्हटलं आणि वांगी घेतली. आलेला पैसा मी आला तसा बँकेत आणि धानाच्या व्यापाऱ्यांकडे भरत गेले. चाळीसपेक्षा थोडं जास्तच विकलं, म्हणजे काठावर राहायला नको.

एप्रिलमध्ये बँकेचे साहेब आले. गोदामात पाऊल टाकल्यावर त्यांच्या बुटांचा आवाज घुमला. "मॅडम, मिल सुरू आहे ना?" ते म्हणाले. मी ताळेबंद पुढे केला. ते पुन्हा पुन्हा कॅल्क्युलेटरवर आकडे दाबत राहिले, मग चष्मा काढून हसले. "पास. आणि आरामात पास. भरलेली गोदामं खूप पाहिली मॅडम, असं रिकामं पहिलंच."

ते गेल्यावर दिवाणजी भर अंगणात ओरडले, "खाली गोदाम पाहून खुश होनारा बँकवाला मी जिंदगीत पाह्यला नव्हता! ताई, तुमच्या बाबाले आता कोन सांगन?" हमाल हसले, या वेळी माझ्याकडे बघून. आईनं सगळ्यांसाठी लाखोळीच्या डाळीचे वडे तळले. बॉयलर पेटला होता, यंत्र सुरू होतं, आणि मी अंगणात उभी राहून हात तेलकट होईपर्यंत वडे खाल्ले. इतकी भूक मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती.

हे पत्र फाडून बॉयलरमध्ये जळणाऱ्या कोंड्यात टाकीन. पण त्याआधी एक सांगायचं आहे. साहेब "पास" म्हणाले तेव्हा मिल वाचली हे माझ्या मनात नंतर आलं. आधी आलं ते हे, की तुम्ही चुकला होतात. आणि त्याचा मला फार आनंद झाला, बाबा.