पेटीतला खालचा जबडा

३ जून

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईने जबरदस्तीने गळ्यात मारलेला कुकर. खोली दवाखान्याच्या वरच आहे. खिडकी मोठी, नळाला पाणी धो धो, भिंतीला ओल नाही. एकवीस पायऱ्या उतरल्या की कामावर. एवढं सुख मला आजवर कुठल्याच नोकरीत मिळालेलं नाही.

डॉक्टर वाकडे दात सरळ करतात. तेवढंच करतात, कीड, दाढदुखी वगैरे दुसरीकडे पाठवतात. पन्नाशीचे असतील. हळू बोलतात आणि समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघतात. माझं काम मागच्या खोलीत. पेशंटच्या दातांचा ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की वरचा आणि खालचा जबडा नीट घासून एका पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवायचा, पेटीवर नंबर घालायचा आणि ती मांडणीवर लावायची. अकराशेच्या वर पेट्या आहेत. अकराशे माणसं तोंड मिटून बसलीयत असं मनात आलं आणि एकटीच हसले.

पुढच्या टेबलावर एक बाई असतात. पेशंटच्या वेळा, माझ्या वेळा, डॉक्टरांच्या चहाच्या वेळा, सगळं त्यांच्या मुठीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव वेळापत्रकबाई ठेवलंय.

ताईला फोन केला. म्हणाली, बघू किती दिवस. चष्म्याचं दुकान सोडलंस, छापखाना सोडलास, रक्त तपासायची लॅब सोडलीस. मी म्हटलं, दोन वर्षं इथून हलणार नाही, लिहून घे. तिने खरंच लिहून घेतलं असणार. माझी बहीण आहे ती.

१४ जून

दुपारी जेवण झालं की टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं डुलकी काढते. आज वेळापत्रकबाईंनी गदागदा हलवून उठवलं. मी झोपेत दात खात होते म्हणे, आणि तेही इतक्या जोरात की बाहेर बसलेल्या पेशंटला आत कसलं तरी यंत्र चालू आहे असं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईला विचारलं, मी लहानपणी दात खायचे का? ती म्हणाली, दहा वर्षं एका पलंगावर झोपलो, एकदा जरी खाल्ले असतेस तरी लाथ घातली असती. वर सल्ला दिला, जंताचं औषध घे. तेहतीस वर्षांची आहे मी!

१६ जून

डॉक्टरांनी खुर्चीत बसवून तपासलं. वरच्या दाढा घासल्या जायला लागल्यात. त्यांनी शांतपणे समजावलं. दात खाण्याची कारणं बरीच असतात. मनावरचा ताण असतो, झोप नीट नसते, कधी दातांची ठेवणच तशी असते. माझे वरचे दात उजवीकडे सरकलेत, त्यामुळे चावा जुळत नाही. अशा काही जणांना तारा लावून दात जागेवर आणले की आराम पडतो. सगळ्यांना पडत नाही, आणि कोणी खात्री दिली तर विश्वास ठेवू नका, असंही म्हणाले. माणूस प्रामाणिक वाटला. आधी झोपताना वरच्या दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच देतो म्हणाले, ते माझं मीच बनवलं. छान झालंय.

१ जुलै

कवचाला भोकं पडली. पंधरा दिवसांत! डॉक्टर म्हणाले, लोकांना ते दोन-तीन वर्षं पुरतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, जाडी कमी ठेवली असेल तुम्ही. जाडी मोजून ठेवली होती. मापही वहीत लिहिलंय. दाखवलं, तर नुसती मान हलवली.

सकाळी उठते तेव्हा कानशिलं ठणकत असतात. दुपारची डुलकी बंद केली, म्हणजे वेळापत्रकबाईंच्या टोमण्यांतून तरी सुटका.

२२ जुलै

दुसरं कवचही गेलं. त्याची जाडी दुप्पट होती. आता तारा लावायचं ठरलंय. ताईला सांगितलं, तर म्हणाली, या वयात? मी फोन ठेवला.

८ ऑगस्ट

तारा बसल्या. गालाला आतून टोचतात, पोळी दुधात बुडवून गिळावी लागते. पण आजची कटकट वेगळीच.

तिसऱ्या फळीवर रोज सकाळी पांढरा भुगा पडलेला असतो. वेळापत्रकबाईंचं म्हणणं, मी साफसफाई करत नाही. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसते! आज एकेक पेटी उचलून पाहिली. भुगा चारशे सतरा नंबरच्या पेटीतून येतोय. आत खालचा जबडा एकटाच आहे, वरचा नाही. रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे नाव नाही. आणि त्याच्या दाढा वरून चकचकीत झाल्यात. प्लास्टर कधी चकाकत नाही. ते चकाकायचं तर कोणीतरी त्यावर काहीतरी घासत राहायला हवं.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हा दवाखाना त्यांनी ज्यांच्याकडून घेतला त्या जुन्या डॉक्टरांच्या काळातली पेटी असेल. जुन्या नोंदी टाकायच्या नसतात. राहू दे.

३ सप्टेंबर

उपचार कुठवर आलाय हे बघायला माझ्याच दातांचं मॉडेल बनवलं. वरच्या दाढा चांगल्याच झिजल्यात. खालच्या मात्र कोऱ्या करकरीत. असं कसं होईल? वरचा दात घासला जातो तो खालच्या दातावर. टाळी एका हाताने वाजत नाही.

डॉक्टर म्हणाले, मॉडेल बिघडलंय, परत करा. परत केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच. मग म्हणाले, ठसा घेताना तुम्ही हलला असाल. माझ्या तोंडात बोट घालून खालच्या दाढा बघायला काय हरकत होती? पण नाही, बाहेर पेशंट थांबलेत म्हणे. दाताच्या कण्या केल्या नुसत्या.

९ सप्टेंबर

मी आज जे केलं ते का केलं, मला माहीत नाही. हातात माझा वरचा जबडा होता आणि समोर चारशे सतराची पेटी उघडी होती. माझा वरचा त्या खालच्यावर ठेवून पाहिला.

बसला.

बरणीवर झाकण बसावं तसा. माझ्या प्रत्येक झिजलेल्या जागेखाली त्याची चकचकीत जागा. फक्त उजवीकडे, शेवटच्या दाढेशी, कागद सरकेल एवढी फट.

१० सप्टेंबर

डॉक्टरांना दाखवलं. ते हसले नाहीत, एवढंच. म्हणाले, प्लास्टरवर प्लास्टर दाबलं की काहीही काहीवर बसतं. ताण घेऊ नका, ताणानेच दात खाल्ले जातात. मग खुर्चीत बसवून तार आवळली.

७ ऑक्टोबर

महिन्याचं मॉडेल केलं. डॉक्टर खूष आहेत, दात ठरवल्याप्रमाणे सरकतायत, मी उत्तम पेशंट आहे.

ती फट बुजली. आता कागद जात नाही. त्यांनी तार आवळली की माझे दात सरळ होतात, आणि जितके सरळ होतात तितके त्या जबड्यावर घट्ट बसतात. दात खाणंही वाढलंय. काल रात्री तर वर शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नर्सने भिंत ठोकली.

९ ऑक्टोबर

पेटी कचऱ्यात टाकली. दुपारी वेळापत्रकबाई ती हातात घेऊन उभ्या. कचऱ्यातून स्वतः उचलून, फडक्याने पुसून आणली. अर्धा तास नोंदींचं महत्त्व ऐकवलं. डॉक्टर मागे उभे. त्यांनी फक्त सुस्कारा टाकला, आणि तो सुस्कारा मला बोलण्यापेक्षा जास्त लागला. मी दातओठ खाल्ले, आणि दचकून थांबले.

२ नोव्हेंबर

माझ्याआधी या खोलीत जी मुलगी काम करायची तिचा फोन नंबर एका जुन्या यादीत सापडला. वेळापत्रकबाई म्हणाल्या होत्या, तिला चांगली नोकरी मिळाली. तिलाही इथेच तारा बसवल्या होत्या.

फोन तिच्या आईने उचलला. मुलगी घरीच असते. दोन वर्षं झाली, तोंड उघडत नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. बाजूची एक दाढ काढून तिथून नळीने पातळ पाजतात. मी विचारलं, ती काही लिहून सांगते का? आई म्हणाली, पाटीवर एकच आकडा लिहायची. आता पाटी काढून घेतलीय.

आकडा मी विचारला नाही. त्यांनीच सांगितला.

३ नोव्हेंबर

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, तिच्या जबड्याच्या सांध्यात दोष होता, फार वाईट झालं, पण तुमचा सांधा उत्तम आहे. माझा एक्स-रे दाखवला. सांधा उत्तम आहे.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, सोडायला दर वेळी काहीतरी सापडतंच तुला.

सोडणार नाही म्हटलं. का म्हटलं?

१६ डिसेंबर

आता जागेपणीही. प्लास्टर कालवताना जबडा आपोआप सरकतो, डावीकडे, उजवीकडे. हाताने धरून ठेवते. बोलताना मध्येच दात लागतात. पेशंटसमोर बोलणं टाळते. वेळापत्रकबाई म्हणाल्या, हल्ली शहाण्यासारख्या गप्प असता.

पेटीतला भुगा वाढलाय. जबडा झिजून हिरडीला आलाय. पुरा संपला की सुटले, असं—

असं कशावरून?

११ जानेवारी

तारा काढा म्हटलं. दोन महिने थांबा म्हणाले, फार सुंदर चाललंय. मी ओरडले. भरल्या दवाखान्यात ओरडले. ट्रे उलटा केला. शेवटी पुढच्या मंगळवारी काढतो म्हणाले. वेळापत्रकबाईंनी वहीत वेळ लिहिली. सकाळी दहा.

ताईला फोन करून म्हटलं, मला घ्यायला ये. या वेळी तिने टोमणा मारला नाही. येते म्हणाली.

१९ जानेवारी

तारा निघाल्या. जीभ फिरवली, सगळं गुळगुळीत. आरशात बघितलं, इतके चांगले दात माझे कधी नव्हते. रडूच आलं.

डॉक्टर म्हणाले, हळू मिटा, चावा बघू.

मिटले.

त्याच दिवशी, बारा वाजता

उघडत नाहीत. वही मांडीवर आहे, लिहून दाखवतेय. बाई म्हणतात दातखीळ बसली, पाणी मारा.

डॉक्टरांनी स्नायू सैल करायची सुई दिली. गाल सैल पडलेत, बोटाने दाबले की आत जातात. म्हणजे स्नायू धरत नाहीत. मी लिहिलं, मी मिटून धरलेले नाहीत. त्यांनी वाचलं. पहिल्यांदाच माझ्याशी वाद घातला नाही.

साडेबारा

करकर सुरू झाली. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी जबडा धरून पाहिला. जबडा हलत नाहीये. आवाज आतून येतोय. बाईंनी कान झाकलेत.

मी लिहिलं, चारशे सतरा बघा. बाई गेल्या. पेटी घेऊन आल्या. आत नुसता भुगा. जबडा नाही.

ताई स्टेशनवर उतरलीय. बाई तिच्याशी फोनवर बोलतायत, रडतायत.

एक वाजला

थोडी फट पडली. दातांमध्ये लाकडी पट्टी घातलीय. डॉक्टर दिवा जवळ आणतायत. आरसा. आत बघतायत.

मी लिहिलं, काय दिसतंय?

 पुन्हा लिहिलं. आरसा त्यांच्या हातातून पडला.

म्हणाले, तुमचे खालचे दात नीट आहेत. अगदी सरळ आहेत. त्यांच्या मागे आणखी एक रांग—

म्हणाले, तुमचं बरोबर होतं. आता म्हणतात! आता—

पट्टी तुटली. माझ्या जिभेला ते—